मोडीचा भाव

कराडच्या पेठेत आक्कांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे गल्ल्यावर बसत. ते थकले तशा आक्का बसल्या, आणि गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत उठल्या नाहीत. या धंद्यात निम्मी उलाढाल मोडीची. बाई तांब्याचा जुना बंब, गळकी घागर, पिचलेली परात घेऊन यायची. ते सगळं तागडीत पडायचं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे घेऊन बाई घरी जायची. नव्या मालाचा भाव वेगळा, मोडीचा भाव वेगळा. मधल्या फरकावर दुकानदाराचं घर चालतं, आणि त्यात गैर काहीच नाही.

एका दिवाळीत समोरच्या दुकानदारानं पाटी लावली, 'मोडीत घट धरत नाही. मजुरी माफ.' गिऱ्हाईक तिकडे वळलं. आक्का घाबरल्या. सासरे म्हणाले, "घट धरत नाही ना? मग मोडीला भाव काय देतो, तेवढं कळतंय का बघ." चौकशी केली तर त्यानं मोडीचा भावच असा पाडला होता, की घट धरूनही आक्कांच्या दुकानात बाईच्या पदरात चार पैसे जास्त पडत होते. सासऱ्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाचं भांडं तागडीत पडायच्या आत दोन्ही भाव सांगायचे, आणि शेवटचा आकडाही सांगायचा, 'तुमच्या हातात एवढे पडतील.' ते म्हणत, "आधी बोलणं होतं तो व्यवहार. नंतर होतं ते भांडण."

आक्कांचा मुलगा मंगेश पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दुकान बंद केल्यावर आक्का त्याच्याकडे राहायला आल्या. एका मे महिन्यात त्यानं घरातल्या सगळ्यांना व्हिएन्ना आणि प्राग दाखवायचं ठरवलं. सगळे म्हणजे आई, बायको प्राची आणि आठ वर्षांची तनू. सहल कंपनीबरोबर जायचं नाही, आपलं आपण जायचं. व्हिसा, तिकिटं, हॉटेलं त्यानं स्वतः जमवली. मग युरो घ्यायची वेळ आली, आणि मंगेशच्या अंगात व्यापारी संचारला.

मोबाइलवर युरोचा भाव १०० रुपये १० पैसे दिसत होता. तो बँकांचा आपापसातला भाव. तुमच्याआमच्या हातात नोटा देताना दुकानदार त्यावर आपला फरक चढवतो. एकानं १०१ रुपये ८० पैसे सांगितले. मंगेशनं दुसऱ्याला फोन केला, तिसऱ्याकडे स्कूटर वळवली, चौथ्याला पहिल्याचा भाव दाखवून घासाघीस केली. दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर कॅम्पातला एक जण १०१ रुपये ४० पैशांना तयार झाला. मंगेशनं ८०० युरो घेतले. त्याचे ८१,१२० रुपये झाले, वर जीएसटीचे १४६. पन्नास हजारांवरची रक्कम रोखीनं चालत नाही, म्हणून पैसे खात्यातून वळते केले.

"युरोमागं चाळीस पैसे वाचवले," जेवताना त्यानं जाहीर केलं. "एकूण तीनशे वीस रुपये!"

"त्यातनं पेट्रोल वजा कर," प्राची म्हणाली, "आणि दोन्ही दिवस तिथे खाल्लेला बनमस्का."

आक्कांनी मात्र वेगळंच विचारलं. "हे युरो प्रागला चालतात का रे?"

"व्हिएन्नात चालतात. प्रागला त्यांचा कोरुना आहे. तिथे गेल्यावर बदलून घेऊ."

"मग इथनंच कोरुना का नाही घेतलेस?"

"इथे सहजी मिळत नाहीत, आई. मिळाले तरी महाग पडतात."

"म्हणजे रुपयाची मोड घालून युरो, आणि युरोची मोड घालून कोरुना. दोनदा मोड."

"तिकडे पावलोपावली दुकानं आहेत. शून्य टक्के कमिशन. मी वाचलंय सगळं."

शून्य टक्के ऐकून आक्का काहीतरी बोलणार होत्या. पण तेवढ्यात तनूनं तिकडे आंबे मिळतात का म्हणून विचारलं, आणि विषय हापूसवर गेला.

व्हिएन्नाहून आगगाडीनं चार तासांत प्राग आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं जुन्या शहराच्या चौकाकडे निघाली. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना रंगीत घरं, आणि दर दहा पावलांवर दालचिनी-साखरेत घोळवलेल्या गोल पावाचा वास. अर्ध्या वाटेत तनूनं आईचा हात ओढला. तिला घाईची लागली होती. सार्वजनिक स्वच्छतागृह समोरच होतं. दारात एक बाई बशी घेऊन बसली होती आणि भिंतीवर लिहिलं होतं, माणशी २० कोरुना. मंगेशच्या खिशात फक्त युरो होते.

कोपऱ्यावरच चलन बदलायचं दुकान होतं. पिवळ्याधमक पाटीवर हातभर अक्षरांत '०% कमिशन', शेजारी युरोचं चिन्ह आणि त्यापुढे २५.४०. युरोला साधारण पंचवीस कोरुना मिळतात, हे मंगेशनं सकाळीच मोबाइलवर पाहिलं होतं. इथे तर चाळीस पैसे वरच! त्यानं काचेखालून तीनशे युरो सरकवले. आतल्या माणसानं बटणं दाबली, नोटा मोजल्या, वर पावती ठेवली. मंगेशनं सगळं खिशात कोंबलं आणि धावत परत आला. एक नोट मोडून तिघींचे साठ कोरुना दिले. पुण्यात चाळीस पैशांसाठी दोन संध्याकाळी घालवणाऱ्या माणसाला इथे दोन मिनिटंही लागली नाहीत.

अकराच्या ठोक्याला सगळी चौकातल्या जगप्रसिद्ध घड्याळासमोर उभी होती. घड्याळ १४१० सालचं. तास पडला की एका बाजूचा हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांमधून प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक सरकत जातात, आणि बाकीचे पुतळे नकारार्थी माना हलवतात. त्यांतल्या एकाच्या हातात पैशांची पिशवी. "हा कंजूष," प्राचीनं मोबाइलवर वाचून तनूला सांगितलं. आक्का म्हणाल्या, "पिशवी घट्ट धरलीय खरी. घेताना मोजून घेतली होती का, ते विचार त्याला."

मंगेश हसला. त्यानंही मोजून घेतले नव्हते.

साडेबाराच्या सुमारास एका खाणावळीत सूप प्यायला बसली, तेव्हा आक्कांनी सहज विचारलं, "सकाळी किती पडले रे हातात?"

"पंचवीस-चाळीसच्या भावानं दिलेत, आई."

"भाव नाही विचारला. हातात किती पडले?"

मंगेशनं खिशातल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि मोजल्या. पुन्हा मोजल्या. ४,७४०. त्यात सकाळचे साठ मिळवले तर ४,८००. तीनशे युरोंचे सात हजारांच्या वर यायला हवे होते. त्यानं पावती उलगडली. वेळ १०.१२, भाव १६.००.

प्राचीनं स्वच्छतागृहातून बाहेर आल्यावर तनूचा एक फोटो काढला होता. मागे ते दुकान दिसत होतं. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाटीवर दोन रकाने होते. २५.४० ठळक अक्षरांत, 'आम्ही विकतो' या रकान्यात. 'आम्ही घेतो' हा रकाना खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आणि त्यात युरोपुढे १६.००. पाटीत काहीच खोटं नव्हतं. कमिशन खरंच शून्य होतं. पंचवीस-चाळीस हाही भाव खरा होता, पण तो दुकानदार युरो विकतो तेव्हाचा. मंगेश तर युरो विकायला गेला होता.

"नव्या भांड्याचा भाव वाचलास," आक्का म्हणाल्या, "आणि मोड घालून आलास."

कोरुना म्हणजे साधारण चार रुपये. सरळ व्यवहार करणाऱ्या दुकानाच्या मानानं अडीच हजार कोरुना गेले होते, म्हणजे दहा हजार रुपये. मंगेशनं नोटांकडे पाहत मान खाली घातली. "जाऊ दे," प्राची म्हणाली, "उगाच सहलीचा विचका नको." मंगेशही म्हणाला, "आपणच वाचलं नाही. आता काय बोलणार?"

आक्कांनी पावती बोटानं सरळ केली. "पावती दिलीय ना? ज्या देशात पावती देतात, तिथे तिचा काहीतरी उपयोगही असणार. शोध."

प्राचीनं शोधलं. चेक प्रजासत्ताकात अशा दुकानांनी परदेशी पाहुण्यांना इतकं नाडलं होतं, की तिथे १ एप्रिल २०१९ पासून कायदाच झाला. हजार युरोपर्यंतच्या रकमेचा व्यवहार असेल, तर गिऱ्हाइकाला तीन तासांच्या आत तो रद्द करता येतो. पावती आणि मिळालेली सगळी रक्कम परत करायची आणि आपले पैसे परत घ्यायचे.

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मुदत एक वाजून बारा मिनिटांपर्यंत.

"सगळी रक्कम," मंगेश म्हणाला. "साठ कोरुना तर खर्च झाले!"

खाणावळीचं बिल प्राचीनं कार्डानं दिलं आणि चौघं निघाली. कोपऱ्यावर एक एटीएम रस्त्यातच उभं होतं. ते ओलांडून प्राची पुढे बँकेच्या दारातल्या यंत्रापाशी गेली. परदेशी वापरासाठी कार्ड तिनं निघण्यापूर्वीच बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवलं होतं. तिनं पाचशे कोरुनांचा आकडा टाकला. पडद्यावर मोठं हिरवं बटण उमटलं. रक्कम थेट रुपयांत वळती करून घ्या, भावाची हमी. त्याच्या खाली राखाडी रंगात बारीक अक्षरांत, रूपांतराशिवाय पुढे जा. घाईत प्राचीचं बोट हिरव्याकडे गेलं.

"थांब," आक्का मागून म्हणाल्या. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण अक्षरांचा आकार कळत होता. "मोठं लिहिलंय ते त्याच्या सोयीचं असतं. बारीक काय लिहिलंय?"

प्राचीनं वाचलं आणि राखाडी बटण दाबलं. हिरवं दाबलं असतं तर यंत्रवाल्यानं रुपयांत वळवायचा आपला भाव लावला असता. राखाडी दाबल्यावर हिशेब कोरुनातच राहिला आणि तो रुपयांत वळवायचं काम कार्डाच्या व्यवस्थेकडे गेलं. आपली बँक त्यावर आपलं शुल्क घेते, ते काही चुकत नाही. पण हमीच्या नावाखाली चढवलेला फरक तरी वाचतो. दुकानात बिल देताना मशीनवर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारतात, तिथेही उत्तर हेच.

पिवळ्या पाटीच्या दुकानाशी पोचली तेव्हा एकाला दोन-तीन मिनिटं कमी होती. मंगेश दारात घुटमळला. "तो नाही म्हणाला तर? आपल्याला तर त्यांची भाषाही येत नाही."

"माझ्याकडे बाया यायच्या, वजनाबद्दल शंका आली की," आक्का म्हणाल्या. "पावती ठेवायच्या आणि उभ्या राहायच्या. त्यांना कुठे भाषण करावं लागायचं?"

मंगेशनं ४,८०० कोरुना आणि पावती काचेखाली ठेवली. आतल्या माणसानं पाटीकडे बोट दाखवलं. प्राचीनं मोबाइल काचेला लावून कायद्याचं पान दाखवलं. त्यानं पावतीवरची वेळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि एक सुस्कारा टाकून खणातून छापील कागद काढला. मंगेशनं सही केली. चौकातल्या घड्याळाचा एकाचा ठोका पडला तेव्हा तीनशे युरो त्याच्या हातात होते. या वेळी त्यानं काचेसमोरच उभं राहून मोजले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखा मंगेश आता ताकही फुंकायला लागला. दोन गल्ल्यांपलीकडे एक साधं दुकान होतं. पाटी लहान, पण दोन्ही रकाने सारख्याच अक्षरांत. युरो घेतात २४.३० ला, देतात २४.८० ला. प्राची आत शिरायला निघाली तर मंगेश मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "थांब. नदीपलीकडे एक जण २४.५५ देतोय. आपण तिकडेच जाऊ."

आक्का तिथल्या बाकावर बसल्या. "आपल्याला रोख किती लागणार आहेत?"

मंगेशनं हिशेब केला. ट्राममध्ये कार्ड चालतं, संग्रहालयात चालतं, बहुतेक खाणावळींतही चालतं. स्वच्छतागृहं, छोटे ठेले, बक्षिसी एवढ्याचपुरते रोख लागणार. दोन दिवसांना दोन-अडीच हजार कोरुना पुष्कळ झाले.

"मग तीनशे युरो कशाला मोडतोस? उरलेले कोरुना घरी नेऊन त्यांची कोण परत मोड घालणार, आणि काय भावानं? शंभरच मोड. आता शंभर युरोंवर नदीपलीकडे किती जास्त मिळतात ते सांग."

"पंचवीस कोरुना," मंगेश म्हणाला. मग स्वतःच पुढचा हिशेब केला. "शंभर रुपये."

"आणि चौघांची ट्रामची तिकिटं? आणि माझे गुडघे? आणि दुपार?" आक्कांनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. "हा माणूस दोन्ही भाव तोंडावर सांगतोय. मधला अर्धा कोरुना त्याची मजुरी. ती त्याला मिळायलाच हवी. दुकान काय फुकट चालतं? तू पुण्यात चाळीस पैशांसाठी जिवाचं रान केलंस आणि इथे युरोमागं आठ-नऊ कोरुना सोडून आलास. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. आता दरवाजा लावलायस, तर बोळ्याच्या मागे लागू नकोस."

मंगेश आत गेला. शंभर युरो काचेखाली सरकवण्याआधी त्यानं विचारलं, "याचे माझ्या हातात किती पडतील?" काउंटरवरच्या मुलीनं गणकयंत्र त्याच्याकडे वळवलं. २,४३०. त्यानं मान डोलावली, मगच नोटा पुढे केल्या.

ती दुपार चौघांनी चार्ल्स पुलावर घालवली. तनूला तो गोल गोड पाव मिळाला. आक्कांना तो आपल्या शंकरपाळ्यापुढे फिका वाटला, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

चौघं पुण्याला परतली तेव्हा २६० युरो शिल्लक होते. मंगेश पुन्हा कॅम्पातल्या त्याच दुकानात गेला, पण विकायला नाही, विचारायला. घरी येऊन म्हणाला, "आई, दोन्ही भाव विचारले. देतात १०१.४० ला, घेतात ९७.६० ला. आत्ता विकले तर युरोमागं जवळजवळ चार रुपये जातील."

"मग?"

"ठेवतो. दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतचं परकीय चलन घरी ठेवायला नियमानं परवानगी आहे. त्याहून जास्त असतं तर परत आल्यापासून १८० दिवसांत जमा करावं लागलं असतं. पुढच्या वेळी उपयोगी पडतील."

"आणि नाही गेलास तर?"

"तर त्या वेळचा भाव विचारून मोडीन. एवढे हातात पडतील असं आधी सांगितलं, तरच."

आक्कांनी मान डोलावली. सासऱ्यांच्या दुकानाचा नियम सुनेच्या हातून नातवापर्यंत पोचायला प्रागपर्यंत जावं लागलं, एवढंच.

तात्पर्य : चलन बदलणारा फुकट कधीच बदलून देत नाही. त्याची मजुरी कमिशनमध्ये दिसली नाही, तर ती भावात असते. म्हणून घेण्याचा आणि देण्याचा, दोन्ही भाव पाहावेत आणि पैसे काचेपलीकडे जाण्याआधी एकच प्रश्न विचारावा, 'माझ्या हातात किती पडतील?' गरजेपुरतंच बदलावं, कारण जे बदललं नाही त्यावर कुणाला मजुरी द्यावी लागत नाही. आणि भाव सरळ मिळाला की शेवटच्या चार पैशांसाठी परदेशातला दिवस मोडीत काढू नये.